उत्तरेचा उजेड आणि कुलाब्याची सूची

पौषातल्या एखाद्या निरभ्र रात्री फुलसावंगीच्या शेवटच्या घरापलीकडे, जिथे गावातल्या दिव्यांचा उजेड संपतो आणि वेचणी उरकलेल्या पऱ्हाटीचे वावर सुरू होते, तिथे उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे, हात सरळ पुढे लांबवावा, पंजा फाकवून करंगळीचे टोक क्षितिजावर टेकवावे, म्हणजे अंगठ्याच्या टोकाखाली किंचित अंतरावर, आसपास कोणी तेजस्वी सोबती नसलेला, काहीसा मंद असा ध्रुवतारा सापडतो. लांबविलेल्या हाताची वीत आकाशाचे सुमारे २२ अंश व्यापते. फुलसावंगीचे अक्षांश २० अंशांना थोडे कमी आहेत. आणि कोणत्याही गावी ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो तितकेच त्या गावाचे अक्षांश असतात, हा नियम गलबतावरच्या तांडेलापासून पंचांगकर्त्यापर्यंत सर्वांनी शतकानुशतके वापरलेला आहे. वीत हे आपले माप या प्रकरणात वारंवार लागणार आहे, म्हणून आरंभीच ते पारखून घेतले.

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातले गाव. दक्षिणेस पैनगंगा आणि तिच्यापलीकडे माहूरचा डोंगर. या टापूतला शेतकरी हिवाळ्यातल्या कितीतरी रात्री उघड्यावर काढतो, कारण तुरीत आणि हरभऱ्यात रानडुकरे शिरली तर एका रात्रीत वर्षाची मेहनत मातीत जाते, आणि जागल केल्यावाचून दुसरा इलाज नसतो. शेकोटी, घोंगडी आणि वर आकाश, एवढ्या सरंजामात रात्र काढणारा हा माणूस शहरातल्या सुशिक्षितापेक्षा आकाश अधिक पाहतो, हे मला मनापासून वाटते. अशाच एका जागलीवर एका शेतकऱ्याने मोबाइलच्या पडद्यावर आलेले एक चित्र माझ्यापुढे धरले. बर्फाच्या मैदानावर हिरव्या उजेडाचा पडदा लोंबत होता आणि त्याची झालर जांभळी होती. "हे आपल्याकडे काऊन दिसत नाही, गुरुजी?" असे त्याने विचारले. प्रश्न पाच शब्दांचा होता. त्याचे उत्तर मात्र सूर्यापासून कुलाब्याच्या दप्तरापर्यंत पसरलेले आहे.

प्रथम आपण त्या चित्रातल्या मुलखात जाऊ. फुलसावंगीहून सरळ उत्तरेला निघाले की ध्रुव हळूहळू वर चढू लागतो. लडाखमधल्या हान्ले येथे तो दीड वीत चढलेला असतो, नॉर्वेतल्या ट्रॉम्सो गावी तीन विती ओलांडतो, आणि स्वालबार द्वीपसमूहातल्या न्यू-ओलेसुंद येथे, ७९ अंश उत्तरेच्या आसपास, तो जवळजवळ माथ्यावर येऊन उभा राहतो. त्या न्यू-ओलेसुंदला २००८ सालच्या जुलैपासून ‘हिमाद्री’ नावाचे भारताचे संशोधन-ठाणे आहे, आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. पूर्वी आपली माणसे तिथे उन्हाळ्यातच जात असत. २०२३ सालच्या डिसेंबरात प्रथमच हिवाळ्यातली तुकडी रवाना झाली, आणि तिच्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचाही वाटा होता. पाषाण रस्त्यावरच्या संस्थेतला माणूस मार्गशीर्षात अशा जागी जाऊन राहतो, जिथे ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही, ही गोष्ट मराठी शाळांतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावी असे मला वाटते.

त्या अखंड रात्रीत दिसणारा उजेड म्हणजे ध्रुवीय प्रकाश. क्षितिजावर आधी एक फिकट कमान उमटते, तिला ढग समजण्याची चूक नवख्याकडून हमखास होते. पण ढग ताऱ्यांना झाकतो, आणि या कमानीतून तारे जसेच्या तसे दिसत राहतात. मग कमानीचा एक भाग उजळतो, तिच्यातून उभे किरण वर धावतात, कमान दुमडते, तिच्या चुण्या पडतात, आणि वाऱ्यावर धुणे हलावे तसा सारा पडदा हलू लागतो, मात्र वारा नसतो आणि आवाजही नसतो. न्यू-ओलेसुंदची आणखी एक अपूर्वाई अशी की तिथे हिवाळ्यात भर दुपारी बारा वाजता अंधार असल्यामुळे पृथ्वीच्या सूर्यासमोरच्या बाजूस पडणारा ध्रुवीय प्रकाशही डोळ्यांनी पाहता येतो. ट्रॉम्सोच्या मुलखातून तो कधी दिसत नाही, कारण तो पट्टा त्या वेळी फार उत्तरेला सरकलेला असतो.

या उजेडाला पाश्चात्त्यांनी ‘अरोरा’ म्हटले, म्हणजे रोमन लोकांची पहाटेची देवता. ही अरोरा आणि आपल्या ऋग्वेदातली उषस् या एकाच धातूतून निघालेल्या भगिनी आहेत, हे शब्दशास्त्रज्ञांनी सिद्ध केलेले आहे. उत्तरेच्या दीर्घ रात्रीचा विचार मराठी माणसाने केलाच नाही असे कोणी म्हणू लागला, तर त्याला १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या लोकमान्य टिळकांच्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथाकडे बोट दाखवावे. उषेची सूक्ते जिला उद्देशून रचली ती पहाट घटकाभरात संपणारी आपल्याकडची पहाट नसावी, क्षितिजाभोवती प्रदक्षिणा घालीत अनेक दिवस टिकणारी ध्रुवप्रदेशातली पहाट असावी, असा त्यांचा तर्क होता. आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा त्यांचा सिद्धांत आजच्या अभ्यासकांना मान्य नाही, आणि तो मान्य नसण्याची कारणेही सबळ आहेत. तथापि ज्याने ध्रुवप्रदेश कधी पाहिला नाही अशा माणसाने पुण्यात बसून तिथल्या दिवस-रात्रीचे, संधिप्रकाशाचे आणि ताऱ्यांच्या आडव्या फिरण्याचे गणित इतक्या बारकाईने मांडावे, याचा मला आदर वाटतो. हे गणित त्यांना कोणी शिकविले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. डेक्कन कॉलेजात टिळकांचे गणिताचे गुरू होते केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे, आणि हे केरूनाना तारुण्यात कुलाब्याच्या वेधशाळेत चाकरीस होते. त्या वेधशाळेकडे आपल्याला लौकरच जायचे आहे.

त्याआधी उजेडाचे कारण. सूर्यापासून विद्युत्भारित कणांचा एक विरळ वारा सतत वाहत असतो. साधारण वेळी त्याचा वेग सेकंदाला ४०० किलोमीटरांच्या आसपास असतो. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र या वाऱ्याला अडविते, तो बाजूने वळून पुढे जातो, आणि जाताना या क्षेत्राला रात्रीच्या बाजूस लांब शेपटासारखे ताणतो. ताण असह्य झाला की शेपटातली शक्ती मोकळी होते, आणि इलेक्ट्रॉनांचे झोत चुंबकीय रेषांच्या वाटेने खाली येऊन दोन्ही चुंबकीय ध्रुवांभोवतीच्या कड्याच्या आकाराच्या पट्ट्यांत वातावरणावर आदळतात. १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचा अणू असा आघात सोसून हिरवा प्रकाश देतो. त्याहून वर, २०० किलोमीटरांच्या पलीकडे, तोच अणू लाल प्रकाश देतो. एकाच अणूचे दोन रंग कसे, याचे उत्तर वेळेत आहे. हिरवा प्रकाश सोडायला त्या अणूला पाऊण सेकंदाइतकाच अवधी पुरतो, लाल प्रकाश सोडायला मात्र जवळजवळ दोन मिनिटे निवांत असावे लागते. खालच्या दाट हवेत दोन मिनिटांत शेजारच्या रेणूंचे असंख्य धक्के बसून त्याची शक्ती प्रकाशावाचूनच निघून जाते, आणि वरच्या विरळ हवेत त्याला तो निवांतपणा मिळतो. म्हणून हिरवा पडदा खाली आणि लाल छटा वर. जांभळी झालर नायट्रोजनची.

आता फुलसावंगीच्या प्रश्नाचे उत्तर मांडता येईल. पृथ्वी गोल आहे, आणि तिच्या गोलाईआड दडलेली वस्तू दिसायची असेल तर ती उंच असावी लागते. ११० किलोमीटर उंचीवरचा हिरवा पडदा सुमारे साडेदहा अंश अंतरापर्यंतच क्षितिजावर डोके काढू शकतो; अर्थात फुलसावंगीच्या वावरातून तो नुसता क्षितिजाला टेकलेला दिसायचा तरी तो हरिद्वारच्या डोक्यावर येऊन उभा राहिला पाहिजे. ४०० किलोमीटर उंचीवरचा लाल उजेड सुमारे २० अंशांवरून दिसू शकतो, म्हणजे तो हिमालय, काराकोरम ओलांडून काश्गरच्या आकाशात आला की आपल्या क्षितिजाला त्याची कड लागेल. शिवाय या हिशेबात आपल्यावर एक अन्याय झालेला आहे. ध्रुवीय प्रकाश भौगोलिक ध्रुवाभोवती फेर धरीत नाही, चुंबकीय ध्रुवाभोवती धरतो, आणि तो ध्रुव कॅनडाच्या बाजूला झुकलेला आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या शहरांना त्यांच्या अक्षांशांच्या मानाने हा उजेड जवळ पडतो आणि हिंदुस्थानाला दूर. भूगोलाच्या मापाने फुलसावंगी विषुववृत्तापासून जवळजवळ २० अंशांवर आहे, चुंबकीय मापाने जेमतेम ११ अंशांवर. एक वीत होती, तिची अर्धी झाली.

दिसत नाही याचा अर्थ पोहोचत नाही असा मात्र मुळीच नव्हे, आणि हे सांगण्यासाठीच मी हे प्रकरण लिहायला घेतले आहे. स्वीडनमधल्या उप्साला येथे १७४१ साली ओलोफ हिओर्टर यांच्या असे ध्यानात आले की आकाशात ध्रुवीय प्रकाश खेळू लागला की टेबलावरची चुंबकसूची थरथरू लागते. जे डोळ्याला दिसते ते सूचीला जाणवते. पण सूचीची जाणीव डोळ्याहून फार लांबपर्यंत जाते, कारण वर वाहणाऱ्या विजेच्या प्रवाहांचा चुंबकीय परिणाम क्षितिजाच्या आड राहत नाही. तेव्हा ज्या मुलखात हा उजेड दिसत नाही त्या मुलखाने सूची टांगावी आणि तिच्यापुढे रात्रंदिवस पहारा ठेवावा. मुंबईने हे केले.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्यास वेधशाळा स्थापिली, आणि १८४१ साली एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. याच ऑर्लिबारांनी अलिबागनजीकच्या नागावचा एक पंधरा-सोळा वर्षांचा बुद्धिमान मुलगा हेरून वेधशाळेत साहाय्यक म्हणून घेतला होता; तो मुलगा म्हणजे केरूनाना. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही या वेधशाळेचे काम काही काळ पाहिले. बारीक दोऱ्याला टांगलेला लोहचुंबक, त्याच्या हालचालीने सरकणारी मोजपट्टीची प्रतिमा, ती वाचण्यासाठी दूर रोवलेली लहान दुर्बीण, आणि वाचलेला आकडा तत्काळ टिपून ठेवणारी वही, असा तो सरंजाम होता. माणूस जवळ गेला तर त्याच्या अंगावरच्या लोखंडाने आणि श्वासाच्या उबेने सूची बिघडेल, म्हणून अंतर राखून वाचायचे. दर तासाला आकडा. दिवसा, रात्री, पावसाळ्यात, दिवाळीच्या पाडव्याला, गव्हर्नर बदलला तरी आणि १८५८ साली कंपनीचा अंमल जाऊन राणीचा आला तरी, आकडा. जमाबंदीच्या दप्तरात कारकुनाने गावाचा वसूल लिहावा तशा निर्विकार शिस्तीने पृथ्वीच्या चुंबकत्वाचा हा जमाखर्च कुलाब्याला लिहिला जात होता.

१८५९ सालच्या १ सप्टेंबरला दुपारच्या सुमारास इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन हे गृहस्थ नित्याप्रमाणे सूर्यावरच्या डागांचे चित्र काढीत असता डागांच्या एका मोठ्या समूहावर त्यांना दोन डोळे दिपविणारे प्रकाशबिंदू दिसले, आणि पाचेक मिनिटांत ते मावळले. त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर असे चुंबकीय वादळ उसळले की तसे दुसरे अद्याप नोंदले गेलेले नाही. क्यूबापर्यंत आकाश तांबडे झाले. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड या शहरांमधल्या तारमास्तरांनी आपापल्या विद्युत्घटांची जोडणी काढून टाकली आणि आकाशातून तारेत उतरलेल्या विजेवर दोन तास संदेश चालविले. मुंबईला त्या वेळी २ सप्टेंबरची सकाळ होती. बंदरात गलबते लागलेली, सूर्य वर आलेला; आकाशात कोणता उजेड असता तरी तो दिसण्याचा संभव नव्हता. कुलाब्याच्या खोलीत मात्र दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या निरीक्षकाला मोजपट्टीवरचा आकडा पळताना दिसला असला पाहिजे, कारण तासाचा शिरस्ता सोडून काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या नोंदी त्या दिवशीच्या वहीत आहेत. अकराच्या सुमारास क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली कोसळला, म्हणजे त्याच्या नित्याच्या मूल्यातले चार टक्के काही वेळापुरते नाहीसे झाले, आणि मग तो वेगाने सावरला. साधारण वादळात ही घसरण शंभर-दोनशेच्या घरात असते.

या वहीचे महत्त्व जगाला कळायला जवळजवळ दीड शतक लागले. युरोपातल्या वेधशाळांची छायाचित्रक यंत्रे त्या दिवशी कागदाच्या हद्दीबाहेर गेली होती. शिवाय ध्रुवाच्या जवळ असल्यामुळे त्यांच्या नोंदींत डोक्यावरच्या प्रवाहांचाच गोंगाट अधिक. विषुववृत्ताच्या जवळची, वादळाचे एकंदर बळ दाखविणारी आणि कमाल घसरण पूर्ण टिपणारी नोंद म्हणून कुलाब्याचे दप्तर विशेष मोलाचे ठरले. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना आणि शोभना आलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००३ साली त्या नोंदींवरून या वादळाचे मोजमाप प्रसिद्ध केले, आणि आज उपग्रह, विजेची जाळी, विमानमार्ग यांच्या सुरक्षिततेचा विचार करणारे तज्ज्ञ ज्या महावादळाचा दाखला देतात, त्याच्या मापासाठी त्यांना मुंबईच्या त्या वहीकडे यावे लागते. मला जर कोणी विचारले की एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर झालेले सर्वांत मोठे शास्त्रीय काम कोणते, तर मी त्या निमूट तासवार नोंदींकडे बोट दाखवीन.

पुढे विजेच्या ट्राम मुंबईत आणण्याचे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सूच्या बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय विभाग खाडीपलीकडे अलिबागला नेण्याचा आग्रह धरला. तिथे १९०४ साली काम सुरू झाले, आणि जुन्या-नव्या नोंदींची साखळी तुटू नये म्हणून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकदमच वाचन चालू ठेवले; त्यानंतरच कुलाब्याचे बंद झाले. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या आकड्यांचे दोन जाडजूड भाग १९१० साली छापून काढले. केरूनानांच्या नागावपासून हाकेच्या अंतरावर आज ती वेधशाळा आहे आणि तिची वही अखंड चालू आहे.

आपल्याकडे हा उजेड दिसत नाही असे म्हटले, तरी एकदा तो खुद्द मुंबईकरांच्या डोळ्यांना दिसला. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या संध्याकाळी मुंबईहून ध्रुवीय प्रकाश स्पष्ट दिसल्याची वार्ता दोनच दिवसांनी टाइम्स ऑफ इंडियाने छापली, आणि एडनकडे जाणाऱ्या, अवघ्या दोन वर्षांपूर्वी समुद्रात सोडलेल्या तारेच्या कामात व्यत्यय आल्याचेही त्याच वार्तेत होते. त्या रात्रीच्या वादळाची गणना आज १८५९ च्या वादळाच्या रांगेत होते. मुंबई आणि फुलसावंगी यांच्या अक्षांशांत पुरता एक अंशाचाही फरक नाही, आणि असलेला फरक फुलसावंगीच्या बाजूने आहे. तेव्हा हा टापू इंग्रजांच्या ताब्यात दिलेल्या निजामाच्या वऱ्हाडात मोडत होता, पुसद तालुका बासीम जिल्ह्यात होता, आणि पौषातल्या त्या रात्री गव्हाच्या राखणीला बसलेल्या माणसाने उत्तरेला तांबूस उजेड पाहिला असता तर त्याने तो वणवा समजून कूस बदलली असती. जाणत्याने त्याला दिग्दाह म्हटले असते. वराहमिहिराने बृहत्संहितेत दिशा पेटल्यासारख्या दिसण्याला हे नाव देऊन त्यावर स्वतंत्र अध्याय रचला आहे. त्यात सांगितलेली फळे आज कोणी मानणार नाही, पण आकाशाच्या प्रत्येक असामान्य रंगाला वेगळे नाव असले पाहिजे ही त्याची शिस्त मला फार मोलाची वाटते. ज्याला नाव नाही ते माणूस पाहूनही विसरतो.

उत्तरेच्या हिवाळी आकाशात असे नाव मागणारे ढगही आहेत. आपला सर्वांत उंच ढग १५-१६ किलोमीटरांवर थांबतो. त्याच्या वरच्या थरात हवा इतकी कोरडी की तिथे ढग होणेच दुर्मीळ. पण ध्रुवाकडच्या अखंड रात्रीत हा थर शून्याखाली ८० अंशांहून अधिक निवतो, आणि डिसेंबर-जानेवारीत नॉर्वे-स्वीडनच्या पर्वतरांगांवरून वाहणाऱ्या वाऱ्याच्या लाटा त्याला आणखी उचलून थंड करतात, तेव्हा १५ ते २५ किलोमीटर उंचीवर बारीक, एकसारख्या आकाराच्या हिमकणांचे ढग जमतात. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर जमिनीवर अंधारते, पण इतक्या उंचावर ऊन शिल्लक असते; ते या कणांवरून वळताना त्याचे रंग सुटे होतात, आणि शिंपल्याच्या आतल्या बाजूला दिसते तशी गुलाबी-हिरवी-निळी झाक सबंध ढगावर पसरते. हे मोतिया ढग. त्यांचे सौंदर्य पाहणाऱ्याला हे ठाऊक नसते की त्यांच्याच कणांच्या पृष्ठभागावर क्लोरिनची निरुपद्रवी संयुगे उपद्रवी होतात आणि वसंतातले पहिले ऊन पडताच ओझोनचा संहार करू लागतात.

दुसरा प्रकार रात्री चमकणाऱ्या रुपेरी-निळ्या ढगांचा. तो हिवाळ्यातला नाही, उत्तरेच्या उन्हाळ्यातला आहे, आणि या दोहोंची गल्लत चांगल्या पुस्तकांतूनही आढळते म्हणून मुद्दाम सांगतो. १८८३ च्या ऑगस्टात क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याच्या धुळीने सप्टेंबरात सिंहलद्वीप आणि मद्रासकडे सूर्य हिरवा दिसला, आणि जगभर लोक सायंकाळच्या रंगांकडे लक्ष देऊन पाहू लागले. त्या पाहण्यातूनच १८८५ च्या उन्हाळ्यात युरोपात हे ढग प्रथम नोंदले गेले. बर्लिनच्या ओटो येसे यांनी दोन ठिकाणांहून छायाचित्रे घेऊन त्यांची उंची काढली, ती ८२ किलोमीटरांच्या आसपास भरली. मेघ म्हणावे अशी याहून उंच वस्तू पृथ्वीवर नाही.

अलीकडे आपल्या जवळची एक रात्र आली. सूर्यावर डागांचा एक प्रचंड समूह उमटला, त्यातून एकामागून एक सुटलेले झोत एकत्र येऊन पृथ्वीवर आदळले, आणि १० व ११ मे २०२४ च्या मधल्या रात्री, २००३ नंतर प्रथमच, सर्वोच्च श्रेणीचे चुंबकीय वादळ झाले. घसरण चारशे नॅनोटेस्लांच्या घरात गेली. हान्लेच्या वेधशाळेतल्या, सबंध आकाश एका चौकटीत घेणाऱ्या कॅमेऱ्याने मध्यरात्रीनंतर क्षितिजालगत लाल पट्टा टिपला. शास्त्रीय अर्थाने तो पडदा हलविणारा ध्रुवीय प्रकाश नव्हता. पृथ्वीभोवती कड्यासारख्या फिरणाऱ्या प्रवाहाची उष्णता ४०० किलोमीटर उंचीवर झिरपून ऑक्सिजनला तापविते, त्यातून निघणारी ती स्थिर लाल कमान होती. वैशाखातल्या त्या रात्री फुलसावंगीच्या आकाशात धूळ आणि उकाडा होता. अलिबागच्या सूचीने आपली नोंद केली.

लाल दिसणारे सर्वच उत्तरेचे नसते, हेही आपल्या भागाला अनुभवाने ठाऊक झाले आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, पेटत्या गोळ्यांची एक रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे संथपणे जाताना विदर्भभर लोकांनी पाहिली, कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान म्हणाले, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूचे मोठे कडे येऊन पडले. ते एका चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे अवशेष होते. ध्रुवीय प्रकाश असा धावत नाही आणि दिशा ओलांडीत नाही. उमरखेड-पुसदच्या डोंगरांतला वणवा धूर करतो आणि तारे झाकतो. गावाचा उजेड त्याच जागी रोज असतो. उत्तरेला, ताऱ्यांना न झाकणारी, रोज न दिसणारी, धुराचा वास नसलेली लाली दिसली, तर त्या शेतकऱ्याने मला अपरात्री उठवावे, असे मी त्याला सांगून ठेवले आहे.

त्याने मला उठविले, पण वेगळ्या कारणाने. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, पश्चिमेकडून तलम पांढऱ्या तंतूंचे ढग आकाशभर पसरले होते, आणि तो वर बोट करून म्हणाला, "चांदाले खयं पडलं." चंद्राभोवती, त्याच्यापासून चांगले अंतर राखून, एक अखंड फिकट कडे उभे होते, आतली कड किंचित तांबूस. वराहमिहिराने याला परिवेष म्हटले आणि त्यालाही वेगळा अध्याय दिला. आठ-दहा किलोमीटर उंचीवरच्या त्या तलम ढगात पाण्याचा थेंब नसतो, षट्कोनी हिमस्फटिक असतात, आणि त्यांच्या एका बाजूने शिरून एक बाजू सोडून पुढच्या बाजूने बाहेर पडणारा प्रकाश किमान २२ अंशांनी वळतो. त्याहून कमी वळणे त्याला शक्यच नसते, म्हणून कड्याच्या आत अंधार आणि कडेवर उजेड. स्वालबारच्या रात्रीतही चंद्राभोवती हेच कडे याच मापाचे पडते, कारण बर्फाचा स्फटिक दोन्हीकडे एकाच कोनाचा घडतो.

मी त्याला हात लांबवायला सांगितले. त्याने पंजा फाकवला, अंगठ्याचे टोक चंद्रावर ठेवले, आणि करंगळी बरोबर कड्यावर टेकली. मग तो उत्तरेकडे वळला, करंगळी खाली क्षितिजावर धरून अंगठ्याखालचा ध्रुव त्याने पुन्हा एकदा मोजून पाहिला, आणि शेकोटीत दोन पऱ्हाट्या सरकवून बसला.